उंदरांचे कान आणि आईची हाक

"खांदा काढ! काढ म्हणतो ना खांदा! अरं कोण हाय तिथं, ओढा त्याला भायेर!"

चुलतकाका ओरडत होते. आमच्या वाडीत काकांचा आवाज म्हणजे सरकारी काम. कुडपणच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर आमची वीस-बावीस घरं. एकाच्या अंगणाखाली दुसऱ्याचं छप्पर. काकांनी सकाळी नुसतं खाकरलं की खाली दासगावला सावित्रीतले मासे दचकून डोकी वर काढतात, असं मी महाडच्या कॉलेजात सांगायचो आणि दोघातिघांनी तरी ते खरं मानलं होतं. त्या दुपारी मात्र काका खरोखरच नरडं फाटेपर्यंत ओरडत होते आणि तरी ढोल-सनयांचा खालूबाजा त्यांच्यावर मात करत होता. शिमग्याची पालखी सहाणेवर, देवाच्या चौथऱ्यावर, नाचत होती, आणि पुढच्या दांड्याला, डाव्या बाजूला, खांदा लावून माझा थोरला भाऊ उभा होता. वय बत्तीस. जन्मात पहिल्यांदा पालखीखाली.

"काय होत नाय त्याला आता!" मी गर्दीतून उलट ओरडलो. "बरा झालाय तो! मी सांगतो ना!"

"तू सांगतोस म्हणूनच भ्या वाटतंय मेल्या!" काका म्हणाले. आणि तेवढ्यात दादाची मान डावीकडे वळायला लागली.

ती मान मी लहानपणापासून ओळखत होतो. आधी मान वळायची, मग तोंडाचा कोपरा ओढला जायचा, मग माणूस लाकडासारखा ताठ व्हायचा आणि मग झटके. दादा सात वर्षांचा असल्यापासून घरात ही पाहुणी येत होती. गावानं कांदे फोडले, चपला हुंगवल्या, अंगारे लावले. शेवटी महाडच्या एका डॉक्टरनं एक पांढरी गोळी लिहून दिली, रोज रात्री एक, आणि फिट महिन्याला चार होत्या त्या वर्षाला एकावर आल्या. बदल्यात दादाच्या डोळ्यांवर कायमची झापड आली. सकाळी बैलांमागं चालतानासुद्धा तो झोपेत चालल्यासारखा दिसायचा. बैल जास्त जागे असायचे.

गावकीचा नियम सोपा होता. फिटवाल्यानं झाडावर चढायचं नाही, विहिरीच्या काठाला जायचं नाही आणि पालखीला खांदा द्यायचा नाही. पहिल्या दोन गोष्टींचं दादाला काही नव्हतं. तिसरी त्याच्या छातीत काट्यासारखी होती. शिमग्यात मुंबईहून आलेले, वर्षभर कधी दगड न उचललेले, पोट सुटलेले लोक आमच्या देवाला नाचवायचे आणि हा, अख्खी भाताची कणगी एकट्यानं हलवणारा, सहाणेच्या कठड्याला टेकून टाळ्या वाजवायचा. मी एकदा त्याच्या टाळ्यांकडे नीट बघितलं होतं. हात एकमेकांना लागतच नव्हते.

आता मी कोण, ते सांगतो. मी बीएस्सी. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये सव्वा वर्ष शिफ्ट केली. तिथल्या वासानं माझी सावलीसुद्धा पिवळी पडली होती. मग शतक बदलायच्या आगेमागे मुंबईत एका संशोधन संस्थेत मेंदूवर काम करणाऱ्या मॅडमच्या हाताखाली मला जागा मिळाली. हुद्दा होता सहायक. वाडीत मी सांगितलं होतं शास्त्रज्ञ. पोलादपूरच्या स्टँडवर पोचेपर्यंत तो मोठा शास्त्रज्ञ झाला, आणि आई तर पाणवठ्यावर सांगत होती की माझ्या पोराला विचारल्याशिवाय मुंबईत कुणी डोक्याचं ऑपरेशन करत नाही.

काम असं होतं. उंदरांच्या मेंदूत बारीक नळीनं एक द्रव सोडायचा. त्यानं मेंदूतलं एक प्रथिन बनणं थांबायचं. काही दिवसांत उंदीर मागचे पाय ओढायला लागायचे, काहींना झटके यायचे. मग त्यांचा मेंदू गोठवून त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, त्यांना किरणोत्सारी औषध चिकटवायचं आणि फिल्मवर ठेवून अंधाऱ्या पेटीत आठवडेच्या आठवडे झोपवायचं. फिल्म धुतली की तिच्यावर मेंदूचा आकार उमटायचा, कुठे काळा, कुठे करडा. त्या काळेपणाचं माप घ्यायचं, हे माझं काम. एक काप मी इतका पातळ कापला होता की त्यातून पलीकडचा सोमवार दिसत होता, असं मी वाडीत सांगितलं. कुणी शंका घेतली नाही.

शिमग्याच्या तीन आठवडे आधी मी रजेवर घरी आलो होतो. संध्याकाळी काकांच्या पडवीत माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "मुंबईत करतोस तरी काय रे? उंदीर मारायला पगार देतात?" हसले सगळे. मला ते झोंबलं. मी म्हटलं, थांबा, आज तुम्हाला मेंदू दाखवतो.

आमच्याकडे हाक मारायची एक रीत आहे. एका शेताच्या बांधावरून दुसऱ्या बांधाला, या कड्यावरून समोरच्या वाडीला, सगळा कारभार हाकेवर चालतो. ज्याला हाक ऐकू आली त्यानं 'ओ' द्यायची. 'ओ' मिळेपर्यंत हाक मारणारा थांबत नाही. मी तिथूनच सुरुवात केली.

"डोक्यात पेशी असतात," मी म्हटलं. "एक पेशी दुसरीला हाक मारते. ती हाक म्हणजे ग्लुटामेट नावाचं द्रव्य. दोघींच्या मध्ये दरी असते, आपल्या आणि समोरच्या वाडीत आहे तशी, फक्त मुंगीचा पायसुद्धा मावणार नाही एवढी बारीक. पलीकडच्या पेशीला कान असतात. त्यांना म्हणायचं रिसेप्टर. हाक गेली, कानात शिरली, काम झालं. पण मग उरलेली हाक दरीत घुमत राहता कामा नये. म्हणून शेजारी एक हमाल उभा असतो, पाठीवर हारा बांधून. तो उरलेली हाक भरून घेऊन जातो. तो ट्रान्सपोर्टर."

"महाडच्या ट्रकवाल्यांवानी?"

"तसाच. फक्त हा वेळेवर येतो."

हसले. पडवी माझ्या मुठीत आली. दादा खांबाला टेकून बसला होता, झापड नेहमीची, पण त्या दिवशी डोळे पूर्ण उघडे.

"मग तो हमालच नाहीसा झाला तर?" त्यानं विचारलं.

"तर हाक उचलली जात नाही. हाकेवर हाक साचते. सगळी वाडी एकदम नाचायला लागते. उंदराला झटके येतात ते त्यामुळं. आम्ही काढतो ना त्याचा हमाल, तेव्हा."

"आन् मग?"

इथं मी थांबायला हवं होतं. इथवरचं सगळं बऱ्यापैकी खरं होतं. पण वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि काका, ज्यांनी मला जन्मभर 'गप रे' याशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं, तेसुद्धा तंबाखू मळायची थांबवून ऐकत होते.

"मग पेशी हुशारी करते," मी म्हटलं. "एवढा कलकलाट कोण सहन करणार? ती आपले कान आत ओढून घेते. कान कमी करते. मी स्वतः मोजलेत फिल्मवर. हमाल गेला की कान कमी. मेंदू आपला आपण बंदोबस्त करतो."

"म्हंजे ज्याला लई वर्सं फिट येतायत..." दादा हळूच म्हणाला.

"त्याच्या डोक्यात कान उरलेत किती, दादा? पंचवीस वर्षं कलकलाट चाललाय. ते कधीचे आत गेले असतील!"

"मग गोळी?"

"गोळी म्हणजे बहिऱ्याच्या कानात कापूस," मी म्हटलं.

पडवीनं वाहवा केली. वाक्य खरंच चांगलं होतं. मला ते तिथल्या तिथं सुचलं होतं, आणि आजही मला त्या तोडीचं दुसरं सुचलेलं नाही. माझ्या दादाच्या मेंदूत ट्रान्सपोर्टर आहे की नाही, कान किती, हे मला जितकं ठाऊक होतं तितकंच त्या पडवीतल्या खांबाला ठाऊक होतं. फिट येणाऱ्या प्रत्येक माणसाचा हमाल गेलेला असतो, असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी उंदरावरून उडी मारली ती थेट भावावर.

मी मुंबईला परतलो आणि दादानं गोळी बंद केली. आईला सांगितलं नाही. रोज रात्री गोळी तोंडात टाकायचा आणि मागच्या दारानं थुंकायचा. पंधरा दिवस चमत्कार झाला म्हणे. झापड उतरली. दादा हसायला लागला, नकला करायला लागला, काकांच्या खाकरण्याची तर अशी नक्कल केली की काकांचा कुत्रा त्याच्याकडे गेला. मी शिमग्याला आलो तेव्हा माझ्यासमोर एक असा माणूस उभा होता ज्याला मी जन्मात बघितलंच नव्हतं. त्यानं मला मागच्या दाराला नेऊन गोळ्यांचं सांगितलं. मी म्हटलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

पालखी नाचायला लागल्यावर पुढचा डावा गडी दमला, आणि दादा कठड्यावरून उतरून त्याच्या जागी गेला. कुणाच्या लक्षात येईतो खांदा लागला होता. मी त्याचं तोंड बघितलं. ते तोंड मी वर्णन करणार नाही. करायला गेलो तर वाढवून सांगेन, आणि ते एक तोंड मला तसंच राहू द्यायचं आहे.

मग मान वळली.

पालखीचा पुढचा कोपरा खाली बसला. मागच्यांना कळेपर्यंत चांदीचे मुखवटे घसरून सहाणेच्या धुळीत पडले. बाजा एकेक वाद्यानं थांबला, सगळ्यात शेवटी एक झांज वाजत राहिली, आणि मग तीही थांबली. देव जमिनीला लागला होता. त्याच्याशेजारी दादाला झटके येत होते आणि तोंडातून फेस. आई एकटी धावली त्याच्याकडे. बाकीचे सगळे देवाकडे धावले. मी कुणाकडेच धावलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. काका अध्यक्षासारखे मधे. मी तयारीत होतो, भांडण होईल, शिव्या होतील. काका मात्र हळू आवाजात बोलले, तेच जास्त वाईट.

"फिटवाल्याचं आम्ही काय म्हणत नाय," ते म्हणाले. "त्याची अक्कल आजारानं खाल्ली. पण हा शिकलेला हाय. ह्यानं भरवलं त्याच्या डोक्यात. आमचं मागणं येवढंच. एक नारळ देवापुढं ठेव आन् चार माणसांत म्हण, मी खोटं बोललो. संपलं."

पाच मिनिटांचं काम होतं. नारळ घरात होता.

मी उभा राहिलो आणि व्याख्यान दिलं. ग्लुटामेट, दरी, कान, फिल्म, सगळं पुन्हा. या वेळी इंग्रजी शब्द जास्त घातले. कान कमी झालेच आहेत, फक्त अजून पुरेसे झाले नाहीत, असा नवा शोध तिथंच लावला. काका मध्येच काही बोलायला गेले तर मी म्हटलं, "काका, तुमचा आणि ग्लुटामेटचा संबंध काय?"

"आमचा संबंध देवाशी," काका म्हणाले. "तुझा कुणाशी हाय?"

कुणी हसलं नाही. आम्हाला वाळीत टाकलं.

ज्यानं वाळीत पडून बघितलं नाही त्याला सांगतो. तुमच्या घराला कुणी कुलूप लावत नाही. तुम्हाला कुणी मारत नाही. तुम्ही नुसते ऐकू यायचे बंद होता. आई बांधावरून हाक मारायची, "जाऊबाय, विळा देतेस का गो?" समोर काकू विळा घेऊन उभी, पण 'ओ' नाही. आई पुन्हा हाक मारायची. आमच्याकडची रीत, 'ओ' येईपर्यंत थांबायचं नाही. ती दिवसभर हाका मारायची. सगळी वाडी माना खाली घालून आपापलं काम करायची. मी दोन दिवस ते बघितलं आणि माझी रजा संपली. रजा संपते ही नोकरीतली सगळ्यात मोठी सोय.

मुंबईत मी मॅडमना पडवीतलीच हाक-कानांची गोष्ट सांगून विचारलं, कान कमी झाले म्हणजे मेंदू बरा झाला ना? हसत हसत, सहज विचारल्यासारखं. मॅडम चष्मा कपाळावर सारून फिल्म बघत होत्या.

"कमी झाले म्हणजे बरं झालं, असं मी कधी म्हटलं?" त्या म्हणाल्या. "बघा. इथं कमी आहेत. तिथं फरक नाही. आणि हे कमी आहेत ते पेशीनं कान आत घेतले म्हणून, की ती पेशीच मेली म्हणून? मेलेल्या घराचे कानही मोजताना कमीच भरतात. आणि समजा आत घेतले, तरी हाक तशीच साचलेली आहे ना? उचलणारा परत आलाय का? उंदीर बरा झालेला दिसतोय का तुम्हाला?"

मी पिंजऱ्याकडे बघितलं. उंदीर मागचे पाय ओढत होता.

मे महिना होता. म्हणजे मेपासून मला पक्कं ठाऊक होतं. गणपतीला मी घरी गेलो तेव्हाही ठाऊक होतं, काकांच्या दारावरून गेलो तेव्हाही. घरात नारळांची रास होती, गणपतीच होता. एक उचलायचा होता. मी उचलला नाही. मी स्वतःला सांगितलं की प्रश्न तत्त्वाचा आहे. माझ्याकडे तत्त्व असं तेवढं एकच होतं आणि ते मी नेमकं तिथं वापरलं.

गोळ्यांचं असं होतं. दादानं गोळी पुन्हा सुरू केली होती, झापड परत आली होती, नकला गेल्या होत्या. पूर्वी गोळ्या आणायला काही कष्ट नव्हते. खालच्या घरातला एक जण रोज मोटारसायकलनं औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जायचा, तो महिन्याच्या महिन्याला महाडहून पाकीट आणायचा आणि घरासमोरून जाताना हॉर्न वाजवायचा. वाळीत पडल्यावर हॉर्न बंद झाला. मग गोळ्या मी मुंबईहून न्यायला लागलो. गणपतीत नेल्या त्या दसऱ्यापर्यंत पुरतील एवढ्या. म्हटलं, दसऱ्याला येतो.

दसऱ्याला मी गेलो नाही. नवीन फिल्म पेट्यांमध्ये होत्या, त्या धुवायचा दिवस आला होता, आणि मॅडमनी या वेळी माझं नाव लेखात घालायचं कबूल केलं होतं. शेवटच्या ओळीत, आभाराच्या जागी. म्हटलं, चार-पाच दिवसांनी काय होतं.

आई गोळ्यांसाठी पोलादपूरला उतरली. तिथल्या दुकानात ती गोळी नव्हती. महाडला जा म्हणाले, आणि नवी चिठ्ठी लागेल म्हणाले. भात कापायला आलेलं, वाळीतल्या घराला कोण गडी येणार, आई एकटीच कापत होती. परवा जाईन महाडला, म्हणाली. दादानं चार रात्री गोळीशिवाय काढल्या.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, तो अंगणात पडला.

पुढचं मी बघितलेलं नाही. आईनं सांगितलेलं आहे, आणि आईला वाढवून सांगता येत नाही. ते मी कुणाकडून उचललं कोण जाणे. तिनं सांगितलं की एक फिट थांबायची आणि तो शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू व्हायची. तिनं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी दिली आणि अंगणाच्या कडेला येऊन हाक मारली. खालच्या खाचरात काका भात कापत होते. घरापासून दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर. आजूबाजूला सगळी वाडी शेतात होती. वारा नव्हता.

"भावजीऽ धावा होऽ माझा पोरगाऽ"

'ओ' आली नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. ती म्हणाली, उन्हाची तिरीप उंबऱ्यावर होती ती चुलीपर्यंत सरकली तोवर मी हाका मारल्या. आपल्याकडची रीत. मग घसा बसला, तेव्हा ती डोंगर उतरून रस्त्याला पळाली. तिथं महाडचा एक मुसलमान जीपवाला पंक्चर काढत बसला होता. आईच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, नुसते हातवारे. त्यानं पाना टाकला आणि क्लीनरला घेऊन डोंगर चढला. तुम्ही कोण, कुठल्या घरातले, वाळीत आहात की गावात, काही विचारलं नाही. दोघांनी दादाला घोंगडीत घालून खाली आणलं. भात कापणाऱ्या माणसांच्या मधूनच वाट होती. माणसं बाजूला झाली म्हणे, वाट द्यायला. विळे हातात.

मी महाडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा झटके थांबले होते. डॉक्टरनं विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "संपली व्हती."

दादा जगला. जगला असं म्हणायची पद्धत आहे. उजवा हात पोटाशी धरलेला, बोलणं प्रत्येक शब्दाला वळसा घालून येणारं. मी त्याच्या खाटेशी बसायचो आणि मला दिसायचं आत काय झालं असेल ते. तिरीप उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जाईतो न थांबणारी हाक, उचलायला कुणी नाही, आणि एकेक घर विझत गेलेलं. माझ्याकडे फिल्म नव्हती. असती तर मी माप घेतलं असतं, दुसरं काही मला येत नव्हतं.

तेव्हाच मी काकांसाठी एक गोष्ट तयार केली. खोटी नव्हे; निदान मला तसं वाटत होतं. सात महिने आई हाका मारत होती आणि 'ओ' द्यायची बंदी होती. सात महिने तोच कलकलाट. माणसाचे कान आत जातात. सवय होते. मग एक दिवस खरी हाक येते आणि ती पोचतच नाही. ऐकणाऱ्याचा दोष नाही, मेंदूच तसा आहे. मला ही गोष्ट हवी होती. काका राक्षस असण्यापेक्षा बहिरे असणं मला परवडत होतं, कारण राक्षस असतील तर त्यांना जागं करणारा मी होतो.

दादाला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळ घेऊन काकांच्या पडवीत गेलो. काका विळ्याला धार लावत बसले होते. मी नारळ त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"मी खोटं बोललो होतो," मी म्हटलं. "कान कमी झाले म्हणजे माणूस बरा होतो, असं नसतं. दादाचे तर मी मोजलेच नव्हते. गोळी माझ्यामुळं बंद झाली."

काकांनी नारळ उचलला, हलवून पाणी बघितलं आणि भिंतीशी ठेवला. "संध्याकाळी चार माणसं बोलावतो," म्हणाले. "संपलं."

मी उठलो नाही.

"काका, त्या दिवशी आई हाका मारत होती," मी म्हटलं. "तुम्ही खालीच होता. पण सात महिने तेच चाललेलं. माणसाला सवय होते, त्याचं काही चुकत नाही. आवाज येतो पण आत पोचत नाही, असं होतं, मी शिकलोय ते. तुम्हाला ऐकू आली नसेल तिची हाक."

काकांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"आली व्हती," ते म्हणाले.